पहिला उंबरा

बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट मिळालं. बावीस पानं दोनदा वाचली. संघटनेचं नाव, बोधचिन्ह, नऊ पदं, जाहीरनामा, सगळं तयार आहे. माणसं मात्र तुला धरून चार. आणि नागपूर हा शब्द मला त्यात एकदाच सापडला, तोही पत्त्यात.

सरकारनं मोजकी कामं करावीत आणि ती नीट करावीत, बाकी आपल्या कष्टाचं, मालाचं, जमिनीचं काय करायचं ते माणसाला ठरवू द्यावं, हे तुझं म्हणणं मला मनापासून पटतं. चाळीस वर्षं मी त्याच म्हणण्यामागे चालते आहे. म्हणून जरा लांबलचक लिहिते. रागावू नकोस.

आधी आपल्या गावाचं. जानेवारी 1959 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं आणि संयुक्त सहकारी शेतीचा ठराव इथं झाला. जमिनी एकत्र करायच्या, सगळ्यांनी मिळून कसायच्या. चौधरी चरणसिंगांनी त्याच अधिवेशनात त्याला उघड विरोध केला. त्याच वर्षी राजाजी, मिनू मसानी, प्रा. रंगा यांनी स्वतंत्र पक्ष काढला, आणि नागपूरचा ठराव हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. 1967 साली त्या पक्षाचे 44 खासदार लोकसभेत होते. 1974 साली तो चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विरून गेला. मला विचारशील तर त्यांच्याकडे भाषणं उत्तम होती, पण मोहल्ल्यात, पारावर त्यांचं नाव घेणारं माणूस नव्हतं. तुझी बावीस पानं वाचताना मला तीच काळजी वाटली.

मी हे पुस्तकातून शिकले नाही. नरखेड तालुक्यात आमची आठ एकर कोरडवाहू, पीक म्हणजे पराटी, कापूस. 1972 पासून महाराष्ट्रात कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी होती. शेतकऱ्यानं आपला कापूस त्या खरेदीलाच घालायचा, दुसरीकडे नेला तर गुन्हा. आमच्याकडून पांढुर्णा, म्हणजे मध्य प्रदेशची हद्द, बंडीनं रात्रीतून गाठता येईल अशी. तिकडं पैसे रोख. इकडं ग्रेडर म्हणेल तो ग्रेड, आणि चुकारे महिनोन् महिने थकलेले. एका वर्षी दिवाळी झाल्यावर सासऱ्यांनी रात्री बंडी भरली. हद्दीवर अडवली गेली. कापूस जप्त झाला, बैल दोन दिवस तिथंच बांधून. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाचं ढेपेचं देणं बुडवलं नाही, त्याला स्वतःच्या शेतातला, घरच्या बायांनी वेचलेला कापूस विकायला नेला म्हणून चोर म्हणाले. घरी आल्यावर ते ओसरीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. ते दृश्य मी विसरू शकत नाही.

मग शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचे लोक गावात आले, छातीवर लाल बिल्ला लावून. त्यांनी आम्हाला अर्थशास्त्र सांगितलं नाही. ओसरीत बसून त्यांनी एक क्विंटल कापसाचा खर्च मांडायला लावला. बियाणं, निंदण, फवारणी, वेचाई, बैलांचा चारा. खर्च भावापेक्षा जास्त निघाला, आणि तो आकडा आमच्याच हातानं लिहिलेला होता. चाकणलाही त्यांनी कांद्यापासूनच सुरुवात केली होती. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा त्या हिशेबानंतर आली, म्हणून ती आमच्या तोंडी बसली. 1986 च्या नोव्हेंबरात मी चांदवडच्या महिला अधिवेशनाला गेले, कडेवर दीड वर्षाची पोर घेऊन. पुढे लक्ष्मीमुक्तीत, म्हणजे घरच्या बाईच्या नावावर जमीन करायच्या संघटनेच्या मोहिमेत, सासऱ्यांनी स्वतः तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर माझं नाव चढवलं. माणसाच्या हाती मालमत्ता असणं म्हणजे काय, ते तिथं कळलं.

तेव्हा तू असं कर. जाहीरनामा कपाटात ठेव. तुझ्या प्रभागातले शंभर उंबरे निवड. प्रत्येक घरी एकच विचार: सरकारी सही-शिक्क्यावाचून तुमचं काय अडलंय? वहीत लिहून घे. कुणाचं मालमत्ता कराच्या पावतीवरचं नाव बदललेलं नसेल, कुणाच्या ले-आउटमधला प्लॉट नियमित झाल्याचं आर.एल. पत्र रखडलं असेल, कुणाच्या पोराच्या जन्मदाखल्यात एक वेलांटी चुकली असेल. शंभर घरांत एकाच प्रकारची अडचण पंधरा-वीस घरी सापडेल. तीच तुमची पहिली मोहीम. मात्र एकेकाचा कागद काढून द्यायला तुम्ही दलाल नाही. एकाचं काम करताना हे शोधायचं की या कागदाची गरज मुळात आहे का, तो कुठल्या टेबलावर थांबतो आणि कुठल्या नियमानं थांबतो. नियमच नसेल तर तसं लिहून मागायचं. नियम असेल आणि तो नको असेल, तर तो कोण बदलू शकतो तिथं जायचं.

यासाठी कायदा मूळातून वाचणारं एक माणूस गटात हवंच. दुकानं व आस्थापनांचा 2017 चा कायदा घे. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला त्यानं नोंदणीतून मोकळं केलं, फक्त सूचना द्यायची ठेवली. असा सुधार कुणीतरी मागतं म्हणून होतो, आणि तरी माझ्या ओळखीचे किती दुकानदार त्यानंतरही परवाना काढून देणाऱ्याला पैसे देत राहिले! माहितीचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तर तीस दिवसांत यायला हवं. आपल्या राज्याच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, हे नवे कार्यकर्ते विसरतात आणि अर्ज परत येतो. सेवा हक्काच्या 2015 च्या कायद्यात मुदत चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. त्या टेबलावरच्या माणसाशी मात्र कधीही उद्धट बोलू नकोस. त्यालाही त्याच नियमांनी बांधलंय, आणि पुष्कळदा नियम कुठं चुकतो ते तोच खाजगीत सांगतो.

आता जे मला सगळ्यात मनापासून सांगायचं आहे, ते.

2013 साली जकात जाऊन नागपुरात एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, तेव्हा आम्ही बारा जणांनी एक छोटा गट केला होता. त्यात सात जण एकाच बाजारपेठेतले दुकानदार. सज्जन, कष्टाळू माणसं. दर आठवड्याला बैठक, हिशेबाच्या वह्या तपासायचा अधिकार अधिकाऱ्याला किती असावा यावर तासन् तास चर्चा. ‘धंदा आमचा, जोखीम आमची, मग इतकी डोकावणी कशाला?’ हे वाक्य मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. राज्यभरचे व्यापारी लढले, ऑगस्ट 2015 पासून पन्नास कोटींच्या आत उलाढाल असणाऱ्यांचा एलबीटी गेला. आम्ही पेढे वाटले. त्यानंतरच्या दुसऱ्याच बैठकीत त्यातले सर्वांत जाणते गृहस्थ म्हणाले, “आता त्या फुटपाथवाल्यांचं पाहू. पथक लावून एकदाचे उचलून टाकू.”

त्या फुटपाथवर मोजे-रुमाल विकणारी एक बाई होती. नवरा गेलेला, दोन मुली. तिलाही तेच म्हणायचं होतं: धंदा माझा, जोखीम माझी. मी तसं बोलले. बैठक शांत झाली. मग एक जण म्हणाला, “आम्ही भाडं भरतो, कर भरतो, ती काय भरते?” प्रश्न खोटा नव्हता. रस्ता सगळ्यांचा आहे, चालणाऱ्याचाही, आणि मर्यादित शासन म्हणजे जो बसेल त्याचा रस्ता असं नाही. पण त्यावर 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. शहरात विक्रेता समिती असावी, तिच्यात किमान चाळीस टक्के विक्रेत्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी असावेत, आणि सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हटवू नये, असं तो सांगतो. प्रमाणपत्र हाही एक परवानाच, मला तो फार आवडतो असं नाही. पण आज त्या बाईच्या डोक्यावर तेवढंच छप्पर आहे. मी म्हटलं, आपण समितीची मागणी करू, रेषा आखून घेऊ, तिच्याशी आणि दुकानदारांशी एकत्र बोलू. कुणाला ते नको होतं. महिनाभरात सातही जण गेले, आणि उरलेल्या पाचांतून आणखी दोघं.

चूक माझी होती. सुरुवातीलाच मी हे बोलून घ्यायला हवं होतं, एलबीटीच्या रागात सगळे एकत्र होते तेव्हा. राग एक असला की विचारही एक आहे असं मी धरून चालले. तू तसं करू नकोस. पहिल्याच बैठकीत मोठ्यानं वाचून घे: आपल्यावर नको असलेला दंडुका आपण शेजाऱ्यावर चालवायला मागणार नाही; दुसऱ्याचं अनुदान उधळपट्टी आणि आपलं मात्र हक्काचं, असं म्हणणार नाही. दोघं-तिघं तिथंच उठून जातील. तेव्हा त्यांना जाऊ देणं सोपं असतं.

एकटं पडायची तयारीही ठेव. मार्च 2010 मध्ये राज्यसभेत महिला आरक्षणाच्या विधेयकावर 186 विरुद्ध 1 मत पडलं, ते एक मत शरद जोशींचं. चांदवडला लाखो बायांना गोळा करणाऱ्या माणसाचं! मतदारसंघ आळीपाळीनं राखीव ठेवण्याला त्यांचा आक्षेप होता. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आजही मी त्या मताशी सहमत नाही. पण आपल्याच बायांसमोर नावडतं बोलायचं बळ मी त्यांच्यातच पाहिलं.

बैठक दर आठवड्याला, एकाच वारी, एकाच जागी. उन्हाळ्यात सातनंतर गच्चीवर. बाया याव्यात असं वाटत असेल तर स्वयंपाकाची वेळ टाळ, आणि चहा त्यांना करायला लावू नकोस. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला जमलं तर सगळ्यांना घेऊन जा. तिथं गावानं आधी अभ्यास गट चालवले, निर्णय बहुमतानं न करता सर्वसहमतीनं घेतले, आणि वनहक्क कायद्याखाली आपल्याच जंगलातल्या बांबूवरचा अधिकार मिळवला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ हे वाक्य तिथलं आहे. बावीस पानांत तुला जे म्हणायचं होतं ते त्या गावानं एका ओळीत म्हटलंय.

पैसा माणशी महिना पन्नास रुपये. पावतीपुस्तक ठेवा, बैठकीच्या सुरुवातीला हिशेब वाचा. कंत्राटदाराचा एक रुपया नको, हॉल फुकट दिला तरी नको. नोंदणीची घाई नको. पक्षाचा विचार तर इतक्यात मनात आणूच नकोस. 1988 च्या दुरुस्तीपासून पक्षाच्या नोंदणीसाठी समाजवादाच्या तत्त्वांवर निष्ठा लिहून द्यावी लागते. जे मानत नाही त्याची शपथ घेऊन सुरुवात करायची का, हे तुझं तूच ठरव. मी नाही करणार.

डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन आलं की मोर्चा काढावासा वाटेल. यशवंत स्टेडियमवरून दिवसाला किती मोर्चे निघतात ते तू पाहिलंस, तुमचे चार जण त्यात दिसणार नाहीत. त्यापेक्षा एका पानाचं निवेदन तयार कर: एक नियम, त्यानं अडलेली वीस घरं, आणि हवा तो बदल. प्रश्नाची सूचना सदस्याला बरीच आधी द्यावी लागते, म्हणून आपल्या आमदाराकडे दिवाळीच्या आसपासच जा. अधिवेशनात सिव्हिल लाइन्सच्या आमदार निवासात सकाळी लवकर गेलं तर बाहेरगावचे आमदारही भेटतात, आणि शांतपणे ऐकतात. निवेदनात विशेषणं नकोत. घर क्रमांक, अर्जाची तारीख, थांबलेले दिवस, एवढंच. माणसांची नावं त्यांना विचारल्याशिवाय घालू नकोस.

येत्या रविवारी संध्याकाळी घरी ये. बावीस पानं राहू दे, उंबऱ्यांची वही आण. दहा घरं झाली असली तरी चालतील. आईलाही सोबत घेऊन ये. तिच्या डब्यांच्या कामाची नोंदणी पाच महिन्यांपासून कुठं अडली आहे, हे तिनं मला फोनवर सांगितलं. तुझ्या पानांत ते कुठं दिसलं नाही.

तुझी,
मावशी