नाशिकला राहतो, कोकणातल्या गावच्या ग्रामसभेत हरकत घेता येईल का? त्यासाठी मतदार यादीतलं नाव गावी हलवू का?

लेखी हरकत देता येते. ग्रामसभेत मत देता येत नाही. आणि नाव हलवू नका.

तुम्ही लिहिलंय की गावचं घर समुद्रालगत आहे, एरवी बंद असतं, शिमग्याला आणि गणपतीला उघडतं. ग्रामपंचायतीनं समोरच्या पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, पर्यटकांच्या गाड्यांसाठी काँक्रीटचा वाहनतळ करायचा ठराव केलाय. आणि तुमच्या चुलत्यांचं म्हणणं आहे की नाशिक-मुंबईच्या सगळ्या भावकीनं नावं गावी लावावीत, म्हणजे पुढच्या निवडणुकीत सरपंचाला बघून घेता येईल. या चुलत्यांमुळे मी लिहायला बसले. हाच सल्ला आमच्या दादानं दिला होता आणि त्यावरून आमच्यात जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

आधी कायद्याचं. ग्रामसभेचे सदस्य म्हणजे त्या गावच्या मतदार यादीत नाव असलेली माणसं. घर कोणाचं, माड कोणाचे, हे तिथं विचारत नाहीत. आणि यादीत नाव राहतं ते सर्वसाधारणपणे तिथं राहणाऱ्याचं. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1950 च्या कलम 20 मध्ये स्पष्ट लिहिलंय की एखाद्या ठिकाणी फक्त घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. वर अर्जात खोटं लिहिलं तर तो गुन्हा आहे. चुलत्यांना हे कलम वाचून दाखवा.

आमचं माहेर उत्तर रत्नागिरीत, समुद्राकाठी. आई तिथं एकटी राहते. दादा नाशिकमध्ये अंबडला, मी इंदिरानगरला. निसर्ग वादळात, 3 जून 2020 ला, वाडीतले माड-पोफळी आडव्या झाल्या, पडवीची कौलं गेली, तरी ती नाशिकला आली नाही. त्यानंतर काही वर्षांनी आमच्याकडेही हाच विषय निघाला, पुळणीवर वाहनतळ. जिथं पिढ्यान्‌पिढ्या बायका मासे वाळत घालतात नेमकी तीच जागा. आईनं विचारलं तर उत्तर मिळालं, "काकी, ग्रामसभेनं ठराव केलाय, आता काय होणार?"

दादा म्हणाला, आमदाराला पत्र देऊ, आणि निवडणुकीला गाडी करून आपली सगळी मतं नेऊ. मी म्हटलं, आधी प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त बघू.

आईच्या नावानं माहिती अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि झेरॉक्सचे पानाला दोन रुपये, एवढाच खर्च. मागितलं काय, तर त्या सभेची नोटीस, हजेरी आणि इतिवृत्त, तिन्ही. फक्त ठरावाची नक्कल मागणारे फसतात, कारण खरी गंमत ही तिन्ही पानं शेजारी ठेवल्यावर कळते. नोटिशीत वाहनतळ हा विषयच नव्हता. सभा कोरमअभावी तहकूब झालेली. कोरम म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातलं जे कमी असेल ते. पण तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा कोरमची अट नसते, आणि सगळे नको ते ठराव तिथंच होतात. इतिवृत्तात शेवटी "आयत्या वेळचे विषय" असं लिहून, अध्यक्षांच्या सहीच्या वर उरलेल्या चार बोटं जागेत बारीक अक्षरात वाहनतळाचा ठराव कोंबलेला होता. सूचक एक सदस्य. अनुमोदक म्हणून नाव आमच्या आईचं.

आईनं चष्मा लावून ते पान वाचलं, मग पुन्हा वाचलं. त्या दिवशी ती पडवीत सुपारी सोलत बसलेली असताना शिपाई रजिस्टर घेऊन आला होता, काकी हजेरीची सही राहिली म्हणून. तिनं सही केली. ती सही हजेरीला होती, अनुमोदनाला नाही. ती एवढंच म्हणाली, "माझं नाव घालताना मला विचारायला पायरी चढायला लागत नव्हती, त्यांचं घर समोरच आहे."

पुढचं सगळं तिनं केलं, मी नाही. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. बहुतेक गावांत ती कागदावर उरकतात. आईनं मासे वाळवणाऱ्या बायकांना गोळा केलं आणि 15 ऑगस्टच्या ग्रामसभेआधी ती सभा खरोखर भरवायला लावली. नोटीस सात दिवस आधी निघायला हवी हेही तिनंच जाऊन ठणकावून सांगितलं. बायकांनी मागितलं ते साधं होतं: आधीचा ठराव रद्द करा आणि वाहनतळ वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर न्या. दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत ते मांडलं गेलं, सभागृहात बायका जास्त होत्या, ठराव झाला. आईनं घरी जाण्याआधी इतिवृत्त तिथंच लिहून घेतलं आणि खालची मोकळी जागा रेघ मारून बंद करायला लावली. ही रेघ तुमच्या गावातल्या कोणालातरी मारायला सांगा, बाकी काही जमलं नाही तरी.

शनिवार-रविवारी गाड्या अजून पुळणीच्या तोंडापर्यंत येतातच. पण काँक्रीट पडलं नाही.

दादाचं तरीही म्हणणं की हे सगळं आमदाराच्या एका फोनमध्ये झालं असतं. नसतं झालं. आणि झालं असतं तरी पुढच्या वेळी पुन्हा त्याच्याच दारात उभं राहावं लागलं असतं. त्याचं दुसरं म्हणणं, लग्न झालेल्या मुलीनं माहेरच्या गावकीत पडू नये. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे, त्यामुळे ते मी ऐकून घेत नाही. पण गाडीभर मतं नेण्याला माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. पाण्याची मोटर जळाली की तिथं राहणाऱ्याच्या घरात हंडा रिकामा राहतो. पावसात रस्ता खचला की बाळंतीण तिथली अडकते. एक दिवस उतरून बटण दाबायचं, पाच वर्षांचा सरपंच ठरवायचा आणि रात्रीच्या गाडीनं परत यायचं, हा तिथं राहणाऱ्यांवर अन्याय आहे. आपण नाशिककरांनी तर हे समजून घ्यावं. इथं 2022 च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढं कित्येक वर्षं नगरसेवकाविना प्रशासकाच्या हाती कारभार होता. तुंबलेल्या ड्रेनेजसाठी कोणाला धरायचं हे कळत नव्हतं. गावात सरपंचासमोर सतरंजीवर बसून प्रश्न विचारता येतो, ती जागा बाहेरच्या मतांनी बिघडवू नका.

सरपंचाची बाजूही लक्षात घ्या, मी दादालाही हे सांगते. ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी, आणि ती आपल्यासारख्या बंद घरांकडूनच थकते. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021 ते 2026) निधीतला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. कचरा मात्र पर्यटकांचा. त्याला वाहनतळाची पावती फाडायचा मोह होणारच. तेव्हा हरकत द्यायच्या आधी तुमची थकबाकी भरा, नाहीतर पहिलं वाक्य तेच ऐकावं लागेल.

तुमच्या हातात असलेली मोठी गोष्ट सीआरझेड आहे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र. गोदावरीची निळी आणि लाल पूररेषा आपल्याला पाठ आहे, तशी तिकडे भरतीरेषा, म्हणजे भरतीचं पाणी जिथवर येतं ती रेषा. गावांमध्ये तिच्यापासून 200 मीटरची पट्टी ना-विकास क्षेत्र. 2019 च्या अधिसूचनेनं दाट वस्तीच्या गावांना, म्हणजे चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त लोक असतील तिथं, ती 50 मीटर केली. भरतीरेषेच्या खालची जमीन महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे सरकारची आहे. पुळणीवर काँक्रीट टाकायला नुसता ग्रामपंचायतीचा ठराव पुरत नाही. लेखी हरकत ग्रामपंचायतीला, गटविकास अधिकाऱ्याला आणि तहसीलदाराला द्या, आणि पोच घ्या. ही हरकत घ्यायला तुम्ही गावचे मतदार असायची गरज नाही.

ग्रामपंचायतीच्या नमुना 8 चा उतारा मालकीचा पुरावा म्हणून पुढं करू नका, तो करआकारणीपुरता असतो. तुमचं गाव नगरपंचायतीत गेलं असेल तर ग्रामसभेचं वरचं सगळं लागू नाही. पालघरकडचं पेसा गाव, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रातलं गाव असेल तर ग्रामसभेचे अधिकार आणखी जास्त आहेत. आणि वाहनतळाची जागा नेमकी भरतीरेषेच्या आत आहे की गावठाणात, हे तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही. तलाठ्याकडून गट नंबर आणि सातबारा काढा, मग इथं लिहा. गावठाणातली निघाली तर सीआरझेडची हरकत कदाचित टिकणार नाही, आणि तेव्हा गावात कायम राहणारं तुमच्या बाजूचं कोण आहे ते शोधावं लागेल.