‘समुपदेशकांकडे पाठवले’ म्हणजे नेमके काय?

(सहावी ते आठवीच्या मुलांविषयी आलेल्या पत्रांना एका शालेय समुपदेशिकेने दिलेली उत्तरे)

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. वर्गशिक्षिकांनी गेल्या महिन्यात मला बोलावून ‘त्याचे वर्गात लक्ष नसते, म्हणून त्याला समुपदेशक बाईंकडे पाठवत आहोत’ असे सांगितले. तो तीनदा जाऊन आला. काय बोलणे झाले असे विचारले तर तो गप्प बसतो, आणि बाईही ‘सगळे सांगता येणार नाही’ असे म्हणतात. मुलाच्या डोक्यात काही बिघाड आहे, अशी कुजबुज घरात सुरू झाली आहे. यजमान विचारतात, आपल्याच मुलाचे आपल्यापासून लपवण्यासारखे काय असते? — एक आई, सांगली

उत्तर : ताई, पहिली गोष्ट म्हणजे शाळेतील समुपदेशक निदान करत नाहीत आणि औषधही देत नाहीत. मूल कोठे अडले आहे ते त्याच्याशी बोलून व शिक्षकांकडून समजून घेणे, शाळेत जे बदलता येईल ते बदलून घेणे आणि गरज भासलीच तर योग्य डॉक्टरांकडे जाण्याचा सल्ला देणे, एवढे त्यांचे काम असते. त्यामुळे तेथे गेलेल्या मुलाला आजार आहे असे समजण्याचे काहीही कारण नाही.

हे काम कसे चालते ते एका उदाहरणावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सातवीतील एक मुलगा पोट दुखते म्हणून वारंवार घरी राहत असे. डॉक्टरांनी तपासले, काही निघाले नाही, आणि सगळ्यांनी त्याला आळशी ठरवले. मी हजेरीपट आणि वर्गाचे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा त्याच्या बहुतेक गैरहजेऱ्या मंगळवारी आणि शुक्रवारी असल्याचे दिसले. त्या दोन्ही दिवशी भाषेच्या तासाला प्रकट वाचन असे. चौथ्या भेटीत त्याने स्वतःच सांगितले, की बाकांच्या रांगेवरून आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार ते तो मोजून काढतो आणि पाळी येईपर्यंत तेवढ्याच ओळी मनात घोकत राहतो. एखादा मुलगा गैरहजर असला की हिशेब चुकतो आणि वर्ग हसतो. ‘आईला सांगू नका, ती रडेल,’ असेही तो म्हणाला. पहिल्याच दिवशी मी त्याच्या आईला फोन करून सगळे कळवले असते, तर ती चौथी भेट झालीच नसती.

पुढे त्याच्याच संमतीने मी त्याच्या आईवडिलांशी बोलले. शासकीय रुग्णालयात तपासणी झाली आणि अध्ययन अक्षमतेचे, म्हणजे बुद्धी असूनही वाचणे-लिहिणे शिकताना येणाऱ्या अडचणीचे, प्रमाणपत्र मिळाले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे आणि आपल्या राज्यात दहावीच्या बोर्ड परीक्षेपर्यंत अशा मुलांना वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण त्याला खरा दिलासा मिळाला तो त्याच आठवड्यात, जेव्हा भाषेच्या बाईंनी त्याचा परिच्छेद त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवायला सुरुवात केली.

आपल्या मुलाची अडचण हीच असेल असे मी म्हणत नाही. अकरा ते चौदा या वयात शरीर बदलते, आवाज फुटतो, मित्रांचे मत आईच्या मतापेक्षा मोठे वाटू लागते, आणि 2023-24 पासून आपल्याकडे आठवीला वार्षिक परीक्षाही आहे, जिच्या पुनर्परीक्षेतही यश न मिळाल्यास मूल त्याच वर्गात राहू शकते. या वयाच्या मुलाने एखादी गोष्ट घरी सांगण्याआधी बाहेरच्या विश्वासू मोठ्या माणसाला सांगणे हा आईवडिलांचा पराभव नाही, हे यजमानांना आवर्जून सांगा.

अर्थात काही गोष्टी जाणून घेण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. भेटी कशासाठी होत आहेत, किती होतील, एखादी तपासणी सुचवली आहे का, हे विचारा. मुलाच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका दिसला, तर समुपदेशकांनी योग्य व्यक्तींना सांगायलाच हवे आणि ही मर्यादा मुलालाही पहिल्याच भेटीत समजावून सांगायला हवी. ‘तो काय म्हणाला?’ याऐवजी ‘घरी आम्ही काय वेगळे करू?’ असे विचारून पाहा. त्याचे उत्तर बहुधा मोकळेपणाने मिळेल.

येथे शाळांनाही एक कळकळीची विनंती आहे. भर वर्गात ‘ऊठ, समुपदेशकांकडे जा’ असे म्हणू नका. खिडकीची काच फोडणारा, गृहपाठ न करणारा आणि मनातून कोलमडलेला अशा सगळ्यांना शिक्षा म्हणून एकाच दारात उभे केले, तर ज्याला त्या दाराची सर्वांत जास्त गरज आहे तो तेथे कधीच येणार नाही.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीची 64 मुले आहेत. समुपदेशक नाही, मिळण्याची शक्यताही दिसत नाही. शिक्षकांनी हे काम करावे का? — मुख्याध्यापक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : सर, आपली अडचण खरी आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शंभरांहून अधिक मुलांच्या उच्च प्राथमिक शाळेसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक आहेत, समुपदेशक नाही. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे, असे निर्देश दिले. त्या आधारे आपण केंद्रप्रमुखांमार्फत लेखी मागणी करावी. चार-पाच शाळांनी मिळून केली तर अधिक चांगले.

तोवर शिक्षकांनी समुपदेशक होण्याचा प्रयत्न करू नये, पण ऐकणारे माणूस जरूर व्हावे. जो शिक्षक गुण देतो त्याच्यापाशी मन मोकळे करणे मुलाला जड जाते, म्हणून हे काम शक्यतो वर्गशिक्षकाव्यतिरिक्त दुसऱ्याने घ्यावे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी समुपदेशनाची सोय केलेली असते. आपल्या जवळची कोठे आहे, ते आरोग्य केंद्रात विचारून ठेवा. टेलिमानस या फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य असून तेथे मराठीत बोलता येते. तो फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवावा.

प्रश्न : मी आठवीत आहे. माझ्या मैत्रिणीला तिच्या घरी येणारे एक नातेवाईक त्रास देतात. कोणाला सांगणार नाही अशी शपथ तिने मला घातली आहे. समुपदेशक बाईंना सांगितले तर शपथ मोडेल ना? — (नाव व गाव दिलेले नाही)

उत्तर : हो, शपथ मोडेल, आणि तरीही तू सांगायला हवेस. यात तुझी किंवा तुझ्या मैत्रिणीची जराही चूक नाही. हा अंक हाती पडेपर्यंत तू सांगितले नसशील, तर आजच सांग. एका गोष्टीची कल्पना तुला आधी असावी : बालकांच्या लैंगिक छळाविरुद्ध 2012 मध्ये झालेल्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणे बाईंवर बंधनकारक आहे, त्यामुळे ‘हे आपल्या दोघींतच राहील’ असे वचन त्या देऊ शकणार नाहीत. हे ऐकून भीती वाटेल. पण तुझ्या मैत्रिणीची ओळख जाहीर करायला कायद्यानेच बंदी आहे, आणि तिचा जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्यानेच, गणवेश न घालता, तिला विश्वास वाटेल अशा व्यक्तीच्या उपस्थितीत घ्यायचा असतो. बाई भेटल्या नाहीत तर मुलांच्या मदतीसाठी असलेल्या 1098 या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री, केव्हाही फोन कर. पैसे लागत नाहीत.

मैत्रिणीला तूच आधी सांग, ‘मी बाईंशी बोलणार आहे, आणि तू जाशील तेव्हा मी तुझ्याबरोबर येईन.’ मग खरोखरच तिच्याबरोबर जा. तिला एकटीने बोलायचे असेल, तर ती बाहेर येईपर्यंत दाराशी थांब.