कोथिंबीर उतरली, मग कांदा का नाही?

प्रश्न : मी पुण्यात डबे पुरवते. पावसाची झड लागली की कोथिंबिरीची दहाची जुडी चाळिसाला जाते, पण महिना-दीड महिन्यात पुन्हा खाली येते. कांद्याचं तसं नाही. दिवाळीनंतर आभाळ लख्ख असतं नि भाव चढतच असतात. ही व्यापाऱ्यांचीच करणी ना? – एक वाचक

उत्तर : ताई, व्यापारी धुतल्या तांदळासारखे आहेत असं मी म्हणणार नाही. निफाडकडचा आहे, लिलाव लहानपणापासून बघतोय. पण दिवाळीनंतर तुम्ही मोजता तो भाव बहुतेकदा आधीच्या पावसाचा असतो.

कोथिंबीर चाळीसेक दिवसांची. भिजली, पिवळी पडली, तर शेतकरी वाफसा येताच दुसरं बी टाकतो. कांद्याला रोपापासून चार-पाच महिने लागतात. मार्च-एप्रिलात काढलेला उन्हाळी कांदा आम्ही कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये भरतो, तोच तुम्ही ऑक्टोबरपर्यंत खाता. काढणीच्या वेळी अवकाळीच्या दोन सरी आल्या नि मान, म्हणजे पातीकडचं टोक, ओली राहिली की तो आतून सडतो. श्रावणात चाळीजवळून गेलं की नाकालाच कळतं. वडिलांनी एका वर्षी शंभर क्विंटल भरला होता, साठच विकला गेला. बाकीचा उकिरड्यावर.

मग भिस्त खरिपाच्या लाल कांद्यावर. 2019 मध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसानं नेमका तोच शेतात झोडपला. निर्यातबंदी सप्टेंबरातच झाली होती, तरी डिसेंबरात किरकोळ भाव किलोला शंभरावर गेला. इजिप्त, तुर्कस्तानातून आलेला कांदा आठवतोय? फोडणीत नुसतं पाणी सुटायचं.

महागाईचे आकडेही असेच उड्या मारतात. जुलै 2023 मध्ये टोमॅटोसकट भाज्या भडकल्या नि किरकोळ बाजारातली महागाई पाच टक्क्यांच्या आतून थेट 7.44 वर गेली. सप्टेंबरात 5.02. रिझर्व्ह बँकेनं तेव्हा रेपो दर, म्हणजे ती बँकांना कर्ज देते तो व्याजदर, 6.5 टक्क्यांवरच ठेवला. व्याज वाढवून टोमॅटो थोडेच लागतात! रिझर्व्ह बँकेला धास्ती असते ती वेगळीच : भाजी उतरते, पण तिच्या नावावर वाढलेले बाकीचे दर उतरत नाहीत. रागावू नका, पण कांदा स्वस्त झाल्यावर तुम्ही डब्याचे पैसे कमी केलेत का कधी?

आता कामाचं. मे महिन्यात पोतं घ्याल तेव्हा दहा-बारा कांद्यांच्या माना दाबून बघा. कडक लागल्या तर साठवा. मऊ लागल्या तर त्या आठवड्यात डब्यात कांदाभजी द्या.