आधी त्याची कंबर दाखवा, ऑलराउंडरचं नंतर बघू

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा १५ वर्षांचा, उजव्या हाताने फास्ट टाकतो, पाचव्या नंबरवर बॅटिंग करतो, ऑलराउंडर व्हायचंय, तर शाळा बंद करून बाहेरून परीक्षेला बसवू का असं तुम्ही विचारलंय. पण मी अडकले ते अगदी खालच्या ओळीवर. "दोन महिने कमरेत डावीकडे दुखतं म्हणतो, पण टाकतो उजव्या हाताने, मग डावीकडे कसं दुखेल? कारणं सांगतो."

अहो, डावीकडेच दुखतं! उजव्या हाताने फास्ट टाकणाऱ्याच्या मणक्यावर बॉल सोडताना सगळ्यात जास्त ताण डाव्या बाजूला येतो आणि या वयात तिथे स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला बारीक तडा जाणं) होणं फास्ट बॉलरमध्ये नवीन नाही, कारण मणक्याची हाडं अगदी विशीतही पक्की होत असतात. आणि तुम्ही त्याच्याकडून रोज १०० बॉल टाकून घेताय, स्वतः मोजून. म्हणजे जवळपास १७ ओव्हर, रोज, सुट्टी नाही. मोठे बॉलरसुद्धा असं रोज टाकत नाहीत हो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे फ्रॅक्चरच आहे असं म्हणत नाही, पण दाखवेपर्यंत एकही बॉल टाकायला लावू नका. स्पोर्ट्स इंजुरी बघणाऱ्या डॉक्टरांकडे जा, रोज किती बॉल टाकतो तेही सांगा, आणि साधा एक्स-रे नॉर्मल आला म्हणून लगेच नेटवर नेऊ नका, सुरुवातीला हे एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआय लागेल का ते विचारा. मुलगा कारणं सांगत नाहीये, दोन महिने मदत मागतोय. मला खरंच वाईट वाटलं वाचून.

शाळेचं म्हणाल तर बंद करू नका, विषय संपला.

आता तुमचं ते "ऑलराउंडर झाला की दोन चान्स, एकात नाही तर दुसऱ्यात घेतील". हे मी खूप पालकांकडून ऐकते आणि ते चुकीचं आहे. सिलेक्टर आधी बघतो की हा नुसत्या बॅटिंगवर किंवा नुसत्या बॉलिंगवर टीममध्ये बसतो का, थोडं हे थोडं ते करणारा पोरगा चाचणीत दोन्हीकडून मागे पडतो. रवी शास्त्री १९८१ मध्ये १८ व्या वर्षी टेस्टमध्ये आला तो डावखुरा स्पिनर म्हणून, बॅटिंगला दहाव्या नंबरवर, आणि दोन वर्षांच्या आत ओपनिंगला शतक मारलं. आधी एका कामावर जागा मिळाली, दुसरं नंतर वाढलं. ऑस्ट्रेलियाचा कॅमरन ग्रीन बघा, फास्ट टाकणारा ऑलराउंडर, २०२४ मध्ये पाठीचं ऑपरेशन झालं, तरी २०२५ ची टेस्ट चॅम्पियनशिप फायनल खेळला, तिसऱ्या नंबरवर, एकही ओव्हर न टाकता. बॅटिंग स्वतःच्या पायावर उभी होती म्हणूनच ना. तुमच्या पत्रात मात्र बॅटिंगवर एकच ओळ आहे, बाकी सगळं स्पीड, स्पीड.

रिपोर्ट आले की पुन्हा लिहा, पण तेव्हा पत्र त्याला लिहू द्या, तुम्ही न वाचता पाठवू द्या. त्याला दोन्हीतलं जास्त काय आवडतं ते मला विचारायचंय, तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात ते कुठेच सापडलं नाही.