लेड-ॲसिडच्या जोडीला लिथियम पॅक?

प्रश्न : माझ्या कमी वेगाच्या इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये १२ व्होल्ट, २० अँपिअर-अवरच्या पाच लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत. पूर्वी एका चार्जिंगमध्ये मिरजेहून सांगलीला दोन खेपा होत, आता जेमतेम एक होते. एका मित्राने ६० व्होल्टचा वापरलेला लिथियम पॅक देऊ केला आहे. तो जुन्या संचाला समांतर जोडावा का? – एक वाचक, मिरज

उत्तर : जोडू नये. समांतर जोडणीत व्होल्टेज तेच राहते आणि क्षमतेची बेरीज होते, हे खरे; पण त्यासाठी दोन्ही संच एकाच जातीचे, एकाच वयाचे आणि जोडतेवेळी एकाच व्होल्टेजला असावे लागतात. आपल्या दोन्ही संचांवरचे ‘६० व्होल्ट’ हे केवळ नाव आहे. पाच लेड-ॲसिड बॅटऱ्या पूर्ण भरून काही तास तशाच ठेवल्या, तर मीटर सुमारे ६४ व्होल्ट दाखवतो. सतरा सेल एकसर जोडलेला लिथियम-आयन पॅक मात्र भरल्यावर ७१.४ व्होल्टपर्यंत जातो. दोन्ही संच आणि तारा यांचा एकत्रित रोध ०.१५ ओहम धरला, तर या सात व्होल्टच्या फरकापायी तारा टेकताक्षणी पंचेचाळीसहून अधिक अँपिअर प्रवाह लेड-ॲसिडमध्ये घुसतो, आणि या बॅटऱ्यांना चार्जरनेसुद्धा चार-पाच अँपिअरपेक्षा जास्त देऊ नये असे आपण सांगत असतो.

चार्जिंगला लावल्यावर संकट दुसऱ्या बाजूला जाते. लेड-ॲसिडचा चार्जर शेवटी ७३.५ व्होल्टच्या आसपास पोहोचतो, म्हणजे लिथियमच्या प्रत्येक सेलवर ४.२ ऐवजी ४.३२ व्होल्ट येतात. पॅकमधली बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून धोका दिसताच प्रवाह तोडणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) शाबूत असेल तर ती जोडणी तोडेल. परंतु कोणी किती वापरला हे ठाऊक नसलेल्या पॅकच्या बीएमएसवर भरवसा ठेवून रात्री झोपण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

दुसरा पॅक हवाच असेल, तर चेंजओव्हर स्विच लावून एका वेळी एकच संच वापरावा. गाडी थांबवूनच स्विच फिरवावा, प्रत्येक संचाच्या धन टोकाजवळ स्वतंत्र डीसी फ्यूज ठेवावा आणि चार्जरही वेगवेगळे ठेवावेत. घरच्या बोर्डातली जुनी एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास आपोआप पडणारा खटका) येथे बसवू नये. घरातला एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत असल्यामुळे तिच्यातली ठिणगी विझते; बॅटरीच्या डीसी प्रवाहाला असा विसावा नसतो, त्यामुळे ठिणगी ताणत राहते आणि खटका वितळू शकतो.

मात्र हा खर्च करण्याआधी जुन्या संचातला दोष शोधावा. अंतर निम्म्यावर येण्याचे कारण पुष्कळदा पाचांपैकी एक बॅटरी हेच असते, आणि उभ्या गाडीत मीटर लावून ते कळत नाही, कारण भार नसताना दुबळी बॅटरीही साडेबारा व्होल्ट दाखवते. स्टँडवर चाक फिरवूनही उपयोग नाही. मागे बसलेल्याच्या हाती मीटर देऊन, चिमटे एकेका बॅटरीला लावून, गाडी चढावर न्यावी : चार बॅटऱ्या बाराच्या आसपास असताना पाचवी साडेदहाच्या खाली उतरली, तर खोट तिथे आहे. अशी एकच निघाली, तर तिच्या जागी तेवढ्याच क्षमतेची आणि शक्यतो तेवढ्याच वयाची बॅटरी बसवावी. दोन-तीन निघाल्या, तर पाचही बदलाव्यात आणि मित्राचा पॅक मित्राला परत करावा.