चोडणला पाणथळीतले पक्षी कधी दिसतील?

प्रश्न : डिसेंबरात आम्ही सकाळी आठला गोव्यातल्या चोडण बेटावरच्या डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्यात पोहोचलो. पण बगळे आणि खंड्या सोडले तर काहीच दिसले नाही. स्थलांतरित पक्षी येईनासे झाले आहेत का? (वाचक, फोंडा)

उत्तर : महिना आपण योग्यच निवडला होता, घड्याळाऐवजी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहायला हवे होते. मांडवीकाठच्या या 1.78 चौरस किलोमीटर खारफुटीत भरतीचे पाणी चढले की चिखल झाकला जातो आणि त्यातले किडे, खेकडे, शिंपले टिपणारे तुतारी, चिखले, टिलवे हे पाणकाठचे पक्षी अन्यत्र विसावायला निघून जातात. ओहोटी लागल्यावर, चिखल नुकताच उघडा पडू लागतो तेव्हा, ते परततात. म्हणून ओहोटीच्या तळवेळेआधी तास-दीड तास तिथे असावे. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, हेही ध्यानात ठेवा.

ओळख पटवताना रंगावर फार विसंबू नये, कारण हिवाळ्यात हे सारेच करड्या-तपकिरी पिसांत असतात (नवख्यांचा धीर सुटतो तो इथेच). पार्श्वभाग सतत खालीवर हलवणारी, खांद्यापाशी पांढरी पाचर असलेली ती सामान्य तुतारी. ती उडतानाही पंख ताठ ठेवून पाण्यालगत जाते. पाठ गडद आणि उडताना शेपटीच्या मुळाशी पांढराशुभ्र पट्टा झळकला, तर ती हिरवी तुतारी.

भरतीची वेळ जुळत नसेल, तर करमळीचे गोड्या पाण्याचे तळे गाठावे.