मैदानाच्या कडेवरून : असिस्टंट कोचचं काम धरू का?

प्रश्न : सर, मी खानापूर तालुक्यातला, वय २७. बी.ए. झालोय. कॉलेजकडून तीन वर्षं फुटबॉल खेळलो, सध्या बेळगावात एका औषधांच्या दुकानात कामाला आहे. माझ्या जुन्या कॉलेजनं असिस्टंट कोच म्हणून बोलावलंय. मानधन महिना आठ हजार, तेही जुलै ते फेब्रुवारी. अमेरिकेत शिकणारा मामेभाऊ म्हणतो, तिकडे कॉलेजचा असिस्टंट कोच म्हणजे पक्की नोकरी, डोळे मिटून घे. वडील म्हणतात, चेंडूमागं पळून कुणाचं पोट भरलंय? काय करू?

उत्तर : तुला अरेतुरेच करतो. कॉलेजचा असिस्टंट कोच म्हणून तुझ्या वयाच्या पोरांना बावीस वर्षं हाका मारल्यात, आता 'आपण' म्हणायला जीभ वळत नाही.

आधी मामेभावाचं बघू. तो खोटं सांगत नाही, पण तो मुलूख वेगळा. तिकडे कॉलेजच्या खेळांवर एनसीएए नावाची संस्था असते. मोठ्या कॉलेजांत असिस्टंट कोचला वर्षभर पगार मिळतो, कारण कामही वर्षभराचं असतं. ऑगस्ट ते डिसेंबर सामने, आणि एरवी गावोगावच्या शाळांतली मुलं हेरायची, त्यांच्या आईबापांशी बोलायचं, सामन्यांचे व्हिडिओ बघत बसायचं. सुरुवात पुष्कळदा ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून होते. एम.ए.-एम.एस. करता करता कोचिंग, त्या बदल्यात फी माफ आणि थोडा भत्ता. त्याच्याही खाली बिनपगारी 'व्हॉलंटियर कोच' असायचे. पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातल्या कॉलेजांत, ते पद २०२३ साली बंद झालं. म्हणजे फुकट राबवून घ्यायची रीत तिकडेही होतीच, आपल्यालाच नावं ठेवू नयेत.

आपल्याकडे कॉलेजच्या मंजूर जागांत 'असिस्टंट कोच' शोधलास तर सापडणार नाही. जागा असते ती फिजिकल डायरेक्टरची, म्हणजे कॉलेजचे खेळ बघणाऱ्या शिक्षकाची. फुटबॉलचा कोच बाहेरून मानधनावर येतो आणि त्याचा असिस्टंट तर प्राचार्यांच्या मर्जीवर. ही बढती मिळत जाणारी नोकरी नव्हे, हे डोक्यात पक्कं करूनच हो म्हण. औषधांचं दुकान सोडू नकोस. मालकाशी बोलून सकाळची पाळी दुपारी सरकवून घे. आमच्या वेळी सराव सहा ते आठ असायचा. साडेनऊला मी आंघोळ करून हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर बसलेला असे.

आता काम काय असतं ते ऐक, कारण तुला वाटत असणार की शिट्टी फुंकायची. मुख्य कोच अकरा जणांकडे बघतो. बाकीचे सगळे तुझे. ज्याला तीन सामने बाकावर बसवलंय, तो चौथ्या सामन्याला बूट न घालताच येतो आणि वर विचारतो, 'सर, काय करुलालाय? मला घ्या की.' त्याला काय उत्तर द्यायचं हे कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत. गोलकीपरही तुझाच, कारण मुख्य कोचला त्याच्यासाठी वेळ नसतो. आपली लाल माती डिसेंबरनंतर विटेसारखी होते. तिच्यावर पोराला उडी मारायला लावशील तर महिन्याभरात गुडघे सोलून निघतील. मी लांब उडीच्या खड्ड्यातल्या वाळूत सराव घ्यायचो, तुला पटलं तर तसंच कर. पावसात उलटी तऱ्हा. पाच नंबरचा चेंडू नियमानं ४१० ते ४५० ग्रॅमचा असायला हवा. पण स्वस्तातला चेंडू जुलैत पाणी पितो आणि हेडिंग करणाऱ्या पोराची मान धरते. चांगले दोन चेंडू सामन्यांसाठी कपाटात ठेवण्यापेक्षा सरावाला काढ. कॉलेज कुरकुर करेल, करू दे.

आणि कागद. हा भाग कुणी सांगत नाही म्हणून जरा लांबण लावतो. आंतरविद्यापीठ स्पर्धेला पात्रतेचे फॉर्म जातात. त्यांत जन्मतारीख, प्रवेशाचं वर्ष, आधी किती वर्षं खेळला, सगळं एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डाशी जुळावं लागतं. एका वर्षी दक्षिण विभागासाठी निघालेल्या संघाचे फॉर्म मी भरले होते. जांबोटीकडच्या एका पोराच्या जन्मतारखेत मी महिन्याचा आकडा चुकवला. पूर्णा एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून केरळात पोचलो आणि फॉर्म तपासायच्या टेबलावर त्याला बाद केलं. आमचा डावा बॅक तो. कालिकत विद्यापीठासारख्यांच्या पोरांपुढे त्याच्याशिवाय उभं राहायचं म्हणजे दार उघडं टाकून झोपण्यासारखंच. पाच गोल खाल्ले. तो पोरगा परतीच्या गाडीत माझ्याशी एक शब्द बोलला नाही, आणि मीही त्याला 'चूक माझी' एवढं लोंढा स्टेशन येईपर्यंत म्हणालो नाही. तेव्हापासून फॉर्म तीनदा तपासतो. तिसऱ्यांदा तर ज्याचा त्याच्याकडूनच मोठ्यानं वाचून घेतो.

कन्नड येत नसेल तर शीक. यात राजकारण आणू नकोस. विद्यापीठाचं कामकाज त्या भाषेत चालतं आणि तुझा अर्धा संघ रामदुर्ग-सौंदत्तीकडचा असेल. 'मुंदक होगु' (पुढे जा), 'हिंदक बा' (मागे ये) एवढ्यावर माझी पहिली दोन वर्षं निभावली, पण रडणाऱ्या पोराला धीर द्यायला तेवढं पुरत नाही.

पुढचं म्हणशील तर वाटा दोन. एक फुटबॉल फेडरेशनच्या लायसन्सची: डी, मग सी, बी, ए आणि शेवटी प्रो. डीचा कोर्स काही दिवसांचाच असतो, राज्य संघटनेकडे चौकशी कर आणि पहिल्या वर्षातच उरकून टाक. दुसरी वाट शारीरिक शिक्षणातल्या पदव्यांची, बी.पी.एड. आणि एम.पी.एड.ची. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत फिजिकल डायरेक्टरसाठी एम.पी.एड.ला ५५ टक्के, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, आणि पळण्याची चाचणी आहे. तिशीपर्यंतच्या पुरुषाला १२ मिनिटांत १८०० मीटर, चाळिशीपर्यंत १५००. पळण्यात तू आजही पास होशील. लोक अडकतात ते नेट-सेटला.

वडिलांना सांग की दोन वर्षं दुकान आणि मैदान दोन्ही करतो, तेवढ्यात बी.पी.एड.ला प्रवेश घेतला नाही तर मैदान सोडतो. आणि खरंच सोड. आठ हजारांवर पस्तिशी गाठलेली माणसं मी टिळकवाडीच्या कट्ट्यावर रोज बघतो.

प्रश्न : मी निपाणीची. विद्यापीठाच्या संघात होते, आता मुलींचा संघ शिकवायची इच्छा आहे. सासरचे म्हणतात, बाईमाणूस असिस्टंटच राहणार. खरं का?

उत्तर : ताई, नियमात तसं कुठेही नाही. डायरेक्टरच्या जागेसाठी शिक्षणाच्या अटी त्याच. पळण्याची चाचणी ८ मिनिटांची, तिशीपर्यंत १००० मीटर, चाळिशीपर्यंत ८००. उलट मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर कॉलेजला सोबत बाईमाणूस हवंच असतं, आणि बहुतेक ठिकाणी त्या वेळी ऑफिसातली एखादी क्लार्क धरून नेतात. तिला बिचारीला ऑफसाइड कशाशी खातात ते ठाऊक नसतं. तुम्ही प्राचार्यांकडे अर्ज घेऊन जाल तेव्हा हाच मुद्दा आधी मांडा. मात्र फुकट येते असं चुकूनही म्हणू नका. एकदा म्हटलंत की तीच तुमची किंमत होऊन बसते.

प्रश्न : चिकोडीहून एक वाचक विचारतात : तुम्ही एवढी वर्षं असिस्टंटच का राहिलात? राग येणार नसेल तर सांगा.

उत्तर : राग कसला. डायरेक्टरच्या जागेची जाहिरात निघाली तेव्हा चाळिशी उलटली होती. पळालो असतो हो, पंचेचाळिशीपर्यंत १२०० मीटरच लागतात. पण एम.पी.एड. नव्हतं. दरवर्षीच्या ग्रुप फोटोत खुर्चीवर प्राचार्य, डायरेक्टर, कोच, आणि मी मागच्या रांगेत चेंडूंची जाळी धरून. एका वर्षी फोटोत जाळी आली, मी कापला गेलो.

पण फुटबॉल कोच खालिद जमीलचं बघा. २०१७ मध्ये आयझॉल क्लबला आय-लीग ही देशातली मोठी स्पर्धा जिंकून दिलेला हा माणूस पुढे नॉर्थईस्ट युनायटेड क्लबमध्ये असिस्टंट म्हणून बसला. २०२१ च्या जानेवारीत मुख्य कोच पायउतार झाला तेव्हा संघ त्याच्या हाती आला, आणि २०२५ मध्ये तो देशाचा कोच झाला. त्यानं दुसऱ्या खुर्चीला कमीपणा मानला नाही. माझं तसं नव्हतं, पहिली काही वर्षं मी मनातून कुढलो. नंतर बाकावरच्या पोरांत रमलो आणि विसरलो.

अजूनही सकाळी मैदानावर जातो, मानधन नाही. पंपाची सुई मात्र गेल्या आठवड्यापासून सापडत नाहीये. चिकोडीहून इकडे येणं झालं तर एक घेऊन या, पैसे देतो.